साखर निर्यातीवरचे निर्बंध: दिल्लीची मैत्री, कोल्हापूरचा ऊस

आफ्रिका-आशियातील देशांशी भारताच्या मैत्रीची गोष्ट १९५५च्या बांडुंग परिषदेपासून सांगायची रीत आहे. मग १९६४पासून तिथल्या अधिकाऱ्यांना इथे प्रशिक्षण, पुढे सवलतीची कर्जे, २००८पासून आफ्रिकी नेत्यांसोबत शिखर परिषदा. कोल्हापूरचा या सगळ्याशी संबंध आला तो साखरेमुळे, आणि तोही अलीकडे.

गोदामे भरली, एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव) थकली, तेव्हा केंद्राने २०१९-२०च्या हंगामात टनाला १०,४४८ रुपये अनुदान देऊन ६० लाख टन साखर बाहेर काढायचे ठरवले. इंडोनेशियाने कच्च्या साखरेचे निकष सैल केले. सुदान, सोमालिया, बांगलादेश गिऱ्हाईक झाले. अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने. तिघांतले दोघे विकसनशील, हे आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही. डिसेंबर २०२१चा निकाल भारताविरुद्ध गेला, पण अपील ऐकणारे मंडळच ठप्प असल्याने प्रकरण लोंबकळले. तोवर अनुदानाशिवायही निर्यात परवडू लागली होती: २०२१-२२मध्ये सुमारे ११० लाख टन.

त्याच हंगामात, १ जून २०२२पासून, निर्यात परवान्याखाली आली. पुढच्या वर्षी कोटा ६० लाख टनांच्या आसपास, आणि २०२३-२४ला कारखान्यांना कोटाच नाही. केंद्राकडे कारण होते: ऑगस्ट २०२३ हा १९०१पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट, पुढे सणवार. लोकसभा निवडणूकही तोंडावर होती, ते कुणी कागदावर लिहीत नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये जगात कच्ची साखर पौंडाला २८ सेंटवर गेली, म्हणजे किलोला साधारण ५१ रुपये. इथला किमान विक्री दर तेव्हा २०१९पासून ३१वरच होता. त्याच महिन्यात ऊस उत्पादकांनी कोल्हापूरजवळच्या शिरोलीजवळ महामार्ग रोखला. मागच्या हंगामाच्या उसाला टनाला ४०० रुपये जादा मागितले, पदरात पडले ५० ते १००.

गंमत अशी की २०२३च्या जानेवारीत विकसनशील देशांचा आवाज म्हणून दिल्लीने परिषद भरवली होती आणि सप्टेंबरात आफ्रिकी संघाला जी-२० मध्ये जागा मिळवून दिली. मधल्या जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातही थांबली. भूतान, मॉरिशससारख्यांना सरकारी विनंतीवर तांदूळ मिळाला. म्हणजे धान्य मागायलाही दिल्लीशी बोलणे आले. साखरेचे गिऱ्हाईक मात्र विक्रमी उत्पादन घेणाऱ्या ब्राझीलकडे वळले. जानेवारी २०२५मध्ये १० लाख टनांना परवानगी मिळाली, तेव्हा जागतिक भाव बराच उतरलेला होता.