बोटीचं मशीन बॅटरी चार्ज करत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी हे वाचा

नाथसागर असो, येलदरी असो की विष्णुपुरीचा फुगवटा, मराठवाड्यातल्या या धरणांवरून बोटीच्या मशीनबद्दल आमच्या वर्कशॉपकडे नेहमी येणारी तक्रार म्हणजे "मशीन झकास चालतं, पण बॅटरी उतरते." बरेच जण तोवर नवी बॅटरी घेऊन मोकळे झालेले असतात. थोड्या दिवसांनी तीही बसते आणि दोष बॅटरीवाल्याच्या माथी जातो. आमचं म्हणणं एवढंच की खिशात हात घालण्याआधी मीटर लावा. साधा डिजिटल मल्टिमीटर बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नाही.

चार्जिंग कुठून येतं

लहान आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून कसायच्या) मशीनला ट्रॅक्टरसारखा पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर नसतो. वरच्या झाकणाखाली जे फ्लायव्हील फिरतं, त्याच्या आतल्या बाजूला चुंबक असतात आणि त्यांच्या मधोमध तांब्याच्या तारेची कॉइल, म्हणजे स्टेटर. तिथे एसी वीज तयार होते. रेक्टिफायर तिची बॅटरीला लागणारी डीसी करतो, रेग्युलेटर व्होल्टेज आवरतो (हे दोन्ही बहुधा एकाच डबीत असतात), आणि फ्यूजमधून ती बॅटरीला जाते.

दोरी ओढून सुरू होणाऱ्या बऱ्याच छोट्या मॉडेलांत मात्र चार्जिंगची सोयच नसते. काहींत दिव्यापुरती कॉइल असते, पण रेक्टिफायर नसतो. त्या वायरी बॅटरीला जोडून कितीही फेऱ्या मारल्या तरी बॅटरी भरणार नाही. तुमचं मशीन कोणतं आहे ते आधी आम्हाला विचारा.

मीटर कसा लावायचा

मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. मशीन बंद करून काही तास झाले असतील तेव्हा बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. 12.6 किंवा जास्त म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. रिकामी असेल तर आधी घरच्या चार्जरवर पूर्ण भरा, नाहीतर पुढचं मोजमाप फसवेल.

आता मशीन सुरू करून 2000 ते 2500 आरपीएमवर (मिनिटाला फेरे) ठेवा. बॅटरीवर 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. आकडा 12 च्या घरातच राहिला किंवा हळूहळू उतरत गेला तर बॅटरीपर्यंत वीज पोचत नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर गेला असं धरा आणि मशीन बंद करा, बॅटरी उकळते.

हे काठावर करणार असाल तर मशीन पाण्याच्या ड्रममध्ये, पाणी ओढायच्या जाळीच्या वरपर्यंत बुडवून, न्यूट्रलमध्येच चालवा. कोरडं चालवलं तर पंपाचा रबरी इम्पेलर जळतो. फ्लायव्हील उघडं असताना गमछा, सैल बाही जवळ नको. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, पेट्रोलचं तर सांगायलाच नको, म्हणून बिडी लांब ठेवा.

दोष बहुतेक वेळा वायरीत असतो

चार्जिंग येत नाही असं दिसलं की लगेच कॉइल उघडू नका. बॅटरीच्या टर्मिनलला हाताने फिरवायचे विंग नट असतील तर ते मशीनच्या थरथरीने ढिले होतात. तिथे षटकोनी नट आणि स्प्रिंग वॉशर लावून पान्याने आवळा. पांढरा-हिरवा क्षार साचला असेल तर घासून स्वच्छ करा, वरून पेट्रोलियम जेली लावा. फ्यूज नुसता बघू नका, मीटरने तपासा. टेप गुंडाळलेला जोड दिसला तर तो उघडा. आत तांबं काळं पडलेलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवी थिंबल दाबून बसवा.

तरी शंका राहिली तर मशीन त्याच आरपीएमवर चालू असताना मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लस खांबावर आणि दुसरी रेक्टिफायरमधून निघणाऱ्या वायरच्या टोकावर लावा. फरक 0.3 व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर अडथळा या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी आहे. मायनसच्या बाजूलाही असंच मोजा.

वायरिंग चोख निघालं तर मशीन बंद करून कॉइलच्या दोन वायरी रेक्टिफायरपासून सोडवा. मीटर ओहमवर (विजेला होणारा अडथळा) ठेवला की त्यांच्यात अगदी कमी ओहम दिसायला हवेत, आणि त्यातली कोणतीही वायर मशीनच्या बॉडीशी जोडलेली दिसता कामा नये. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, तो आम्ही तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतून बघून देतो. कॉइल चांगली असेल तर संशय रेक्टिफायरवरच.

रेक्टिफायर का जळतो

इथे जरा स्पष्ट बोलतो, कारण हा भाग बहुतेकदा आपल्याच हातून जातो. चोरीच्या धाकाने रात्री बॅटरी काढून घरी नेतात आणि पहाटे अंधारात परत जोडतात. प्लस-मायनस उलटं झालं की रेक्टिफायर तिथेच संपतो. प्लसच्या वायरीला आणि खांबाला लाल रंग मारून ठेवा. दुसरी सवय याहून वाईट: ट्रॅक्टरची बॅटरी लावून सेल्फ मारायचा आणि मशीन सुरू झालं की ती काढून घ्यायची. चालत्या मशीनवर बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम चढतं आणि रेक्टिफायर-रेग्युलेटर जातो. मशीन चालू असताना बॅटरीच्या वायरी सोडायच्या नाहीत, मेन स्विचही बंद करायचा नाही.

काही बिघडलेलं नसतानाही बॅटरी उतरते

55 वॉटचे दोन हॅलोजन फोकस मिळून 9 अँपिअर ओढतात. छोटं मशीन पूर्ण वेगात 6 अँपिअर देत असेल, तर जाळं ओढताना संथ चालीत त्याहून कितीतरी कमी देतं. तीन तासांत फोकसच 27 अँपिअर-तास खातात. अशा वेळी आमच्याकडे येऊन उपयोग नाही. 10 वॉटचे एलईडी लावा. दोन दिवे मिळून 2 अँपिअरही ओढत नाहीत.

पुराच्या कामासाठी ठेवलेल्या ग्रामपंचायतीच्या आणि तहसीलच्या बोटींची गोष्ट वेगळी. त्या महिनोन् महिने शेडमध्ये पडून असतात. मे महिन्याच्या उन्हात बॅटरी आपोआप उतरते, पाणी आटतं, प्लेटांवर सल्फेट बसतं, आणि मग कोणतंही मशीन तिला भरू शकत नाही. सप्टेंबर 2025 सारखा पूर निरोप देऊन येत नाही. मायनसची वायर काढून ठेवा, महिन्यातून एकदा चार्जरवर लावा, पाणी डिस्टिल्डच घाला. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी बॅटरी मरते.

वर्कशॉपला येताना

मशीनसोबत बॅटरीही आणा. मॉडेल नंबरच्या पट्टीचा फोटो काढून आणा. ती बहुधा मशीन बोटीला कसतो त्या ब्रॅकेटवर असते. मशीन बंद असताना आणि चालू असताना आलेले व्होल्टचे आकडे कागदावर लिहून आणलेत तर तपासणीचा निम्मा वेळ वाचतो. जळालेला रेक्टिफायर आम्ही दुरुस्त करत नाही, बदलतो. जुना सुटा भाग तुमच्या हातात परत देतो.