कापलेले परत जोडताना: संकलनाची पार्श्वभूमी

चित्रपट-संकलनाचा इतिहास बहुधा दिग्दर्शकांच्या नावांनी सांगितला जातो. पण चुकलेला कट मागे घ्यायला त्या त्या काळी काय मोजावे लागत होते, हे पाहिले की संकलनाच्या पद्धती अशाच का घडल्या ते नीट उमगते.

1895च्या ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांत कटच नव्हता. सुमारे 17 मीटर फिल्म संपली की जेमतेम 50 सेकंदांचा चित्रपट संपला. पुढे शॉट जोडले जाऊ लागले, तरी एकच घटना दोन बाजूंनी टिपली असेल तर जोडायची कशी, हे ठरलेले नव्हते. अमेरिकन दिग्दर्शक एडविन पोर्टरच्या 1903मधल्या ‘लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन’मध्ये आगीतून केलेली सुटका आधी पूर्ण खोलीच्या आतून दिसते आणि मग तीच पुन्हा पहिल्यापासून बाहेरून. नंतरच्या एका प्रतीत मात्र आतले-बाहेरचे शॉट आलटून-पालटून लावलेले होते. बराच काळ तीच मूळ प्रत समजून आलटून-पालटून कापण्याच्या तंत्राचे श्रेय या चित्रपटाला दिले गेले. प्रत्यक्षात ती प्रत मागाहून कुणीतरी जुळवलेली होती. हा गोंधळ सुटला तो कॉपीराइट कायद्यामुळे. अमेरिकेत 1912पर्यंत चित्रपटाला स्वतंत्र संरक्षण नव्हते. म्हणून निर्माते फ्रेमा कागदाच्या रिळावर छापून छायाचित्रे म्हणून नोंदवत. ते कागदी रीळ लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये टिकले आणि त्यात मूळ क्रम सापडला.

क्रांतीनंतरच्या रशियात कोऱ्या फिल्मचीच टंचाई होती. दिग्दर्शक आणि शिक्षक लेव्ह कुलेशोव्हच्या कार्यशाळेत त्यामुळे जुन्या चित्रपटांचे तुकडे पुन्हा पुन्हा नव्याने जुळवले जात. नटाच्या त्याच निर्विकार चेहऱ्यापुढे वेगळा शॉट लावला की प्रेक्षकाला चेहऱ्यावरचा भाव बदललेला वाटतो, हा कुलेशोव्हच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम याच वातावरणातला आहे.

हे सगळे तुकडे सिमेंटने, म्हणजे फिल्म जोडण्याच्या खास द्रवाने, जोडलेले असत. एका टोकावरचा इमल्शनचा (चित्र उमटते तो) थर खरवडायचा, द्रव लावायचा, दुसरे टोक वर ठेवून दाबायचे. थर थोडा जरी राहिला तरी जोड प्रोजेक्टरमध्ये सुटतो. द्रव जास्त झाला तर फिल्म वाकते. आणि जोड उघडून शॉट पुन्हा लांबवायचा, तर खरवडलेली फ्रेम गेलेलीच असते. वर्कप्रिंटमध्ये, म्हणजे संकलनासाठी वापरायच्या प्रतीत, तिच्या जागी काळी फ्रेम घालून लांबी राखत. 1950च्या दशकात इटालियन संकलक लिओ कातोझ्झोने चिकटपट्टीने तुकडे जोडण्याचे उपकरण (स्प्लाइसर) आणले. फ्रेम न गमावता जोड सोडवता येऊ लागला, आणि माझ्या मते करून पाहण्याची मोकळीक इथूनच सुरू होते.

ध्वनी आल्यावर वेग सेकंदाला 24 फ्रेमांवर, म्हणजे 35 मिमी फिल्मच्या मिनिटाला 90 फुटांवर स्थिरावला. संकलनात चित्र आणि ध्वनी वेगवेगळ्या पट्ट्यांवर असत. प्रदर्शनाच्या प्रिंटमध्ये ते एकत्र येत. प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे फ्रेमवर प्रकाश पडतो त्या जागी, फिल्म थांबत-थांबत सरकते, ध्वनी वाचायला मात्र ती अखंड सरकावी लागते, त्यामुळे तो गेटपासून वेगळ्या जागी वाचतात. म्हणून ध्वनी चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढे छापतात. तयार प्रिंटमधून प्रसंग कापल्यावर होणारी गडबड याचमुळे. काढलेल्या प्रसंगाच्या सुरुवातीचा पाऊण सेकंदाहून जास्त आवाज पुढच्या प्रसंगावर ऐकू येतो आणि पुढच्या प्रसंगाचा तेवढाच आवाज हरवतो. सेन्सॉरने सांगितलेली कापाकापी थेट प्रिंटवर केली, की ती अशी कानाला कळायची.

व्हिडिओने काही बाबतींत मागे नेले. 1956मध्ये व्हिडिओटेप आली, आणि सुरुवातीला तीही ब्लेडने कापत. पुढे एका टेपवरून दुसरीवर क्रमाने उतरवण्याची पद्धत आली; तिच्यात मधला शॉट दोन सेकंदांनी लांबवायचा तर त्यापुढचे सारे पुन्हा उतरवावे लागे, नाहीतर तयार टेपचीच पुढची प्रत काढावी लागे, आणि दर प्रतीला चित्र खालावे. टाइमकोडमुळे, म्हणजे तास-मिनिट-सेकंद-फ्रेम अशा क्रमांकामुळे, प्रत्येक फ्रेमला पत्ता मिळाला. पण अमेरिकी रंगीत टीव्हीच्या सेकंदाला 29.97 फ्रेमांच्या वेगात 30 धरून केलेली साधी मोजणी तासाला 3.6 सेकंद चुकते. म्हणून ड्रॉप-फ्रेम या मोजणीत दर मिनिटाला 2 क्रमांक गाळतात, दर दहाव्या मिनिटाला सोडून, तासाला 108. गळतात ते क्रमांक, चित्र नव्हे. नवशिके इथे हमखास गोंधळतात.

1971च्या सीएमएक्स 600 या संगणकी संकलन-यंत्रणेने डिस्कवरून हव्या त्या शॉटवर लगेच जाण्याची सोय दाखवली, 1989मध्ये अॅव्हिड हे संगणकावरचे संकलन-सॉफ्टवेअर आले, आणि 1996च्या ‘द इंग्लिश पेशंट’साठी संकलक वॉल्टर मर्चला मिळालेले संकलनाचे ऑस्कर हे संगणकावर संकलित चित्रपटाचे त्या विभागातले पहिले ठरले. कट मागे घेण्याची किंमत आता एका कळीवर आली आहे. शब्द मात्र जुनेच राहिले: सॉफ्टवेअरमधला ‘बिन’ म्हणजे आतून कापड लावलेली ती पेटी, जिच्यावरच्या खिळ्यांना शॉटच्या पट्ट्या टांगलेल्या असत, आणि ‘ट्रिम’ म्हणजे कापून बाजूला ठेवलेला तो तुकडा, जो परत लागेल म्हणून कुणी टाकून देत नसे.