पीसी६१ (प्रतिपिंड)

पीसी६१ हा उंदराच्या पेशींवरील सीडी२५ या प्रथिनाला चिकटणारा मोनोक्लोनल प्रतिपिंड (एकाच पेशीच्या वंशातून मिळणारा, एकच लक्ष्य ओळखणारा प्रतिपिंड) आहे. तो मूळचा रॅटचा (उंदराहून मोठ्या, वेगळ्या जातीच्या प्राण्याचा), आयजीजी१ या प्रतिपिंडांच्या वर्गातला असून १९८५ पासून संशोधन-साहित्यात आढळतो. नियामक टी पेशींच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींच्या, अभ्यासात त्याचा वापर फार मोठ्या प्रमाणावर झाला आहे.

सीडी२५ ही इंटरल्युकिन-२ (टी पेशींना वाढीचा संदेश देणारे प्रथिन) च्या ग्राहीची, म्हणजे तो संदेश पकडणाऱ्या पृष्ठभागावरील प्रथिनाची, अल्फा साखळी. बीटा आणि गॅमा साखळ्यांना तिची जोड मिळाली की ग्राही इंटरल्युकिन-२ ला फार घट्ट धरतो. पीसी६१ नेमका या धरण्याच्या आड येतो. नियामक टी पेशी स्वतः हे इंटरल्युकिन जवळजवळ बनवत नाहीत, पण त्याच्यावाचून त्यांचे चालत नाही. त्यामुळे सीडी२५ त्यांच्या पृष्ठभागावर कायम भरपूर असते.

हे प्रथिन या पेशींची खूण आहे, हे शिमोन साकागुची यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवले. त्यांनी सीडी२५ असलेल्या पेशी वगळून उरलेल्या टी पेशी थायमस (टी पेशी जिथे परिपक्व होतात ती ग्रंथी) नसलेल्या उंदरांना दिल्या. त्या उंदरांमध्ये थायरॉइड, जठर अशा अवयवांवर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला सुरू झाला. त्या प्रयोगात ७डी४ हा दुसरा प्रतिपिंड वापरला होता. पुढे जिवंत उंदरातल्या नियामक पेशी कमी करायच्या झाल्या की पीसी६१ टोचण्याची पद्धत रुळली. कर्करोगाच्या गाठीच्या पेशी देण्याआधी तो दिल्यास काही प्रकारच्या गाठी उंदीर परतवून लावतो, हे १९९९ मध्ये दिसले.

वापरणाऱ्याची खरी कसोटी पुढे लागते. पीसी६१ टोचलेल्या उंदराच्या पेशी त्याच प्रतिपिंडाने रंगवल्या, तर फ्लो सायटोमीटरवर (रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर) सीडी२५ असलेल्या पेशी गायब झालेल्या दिसतात. पण जागा आधीच व्यापलेली असल्याने रंगीत प्रतिपिंडाला चिकटायला काही उरलेलेच नसते; शिवाय काही पेशींच्या पृष्ठभागावरून सीडी२५ झडूनही जाते. म्हणून प्रथिनाच्या दुसऱ्या भागाला चिकटणारा ७डी४ वापरावा आणि केंद्रकातले फॉक्सपी३ हे नियामक पेशींची ओळख असलेले प्रथिनही रंगवावे. ही पडताळणी न केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष कच्चाच समजायला हवा. पेशी खरोखर मरतात की नुसत्या निष्प्रभ होतात, यावर २००६-०७ च्या सुमारास बराच वाद झाला. पुढच्या कामात भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात असे दिसले, पण काही नियामक पेशी दरवेळी शिल्लक राहतात.

दुसरी अडचण वेळेची. नुकत्याच सक्रिय झालेल्या हल्लेखोर टी पेशीही सीडी२५ धारण करतात. प्रतिकार सुरू झाल्यावर पीसी६१ दिला तर त्याही त्याच्या तावडीत सापडतात आणि परिणाम नेमका कशाचा हे कळेनासे होते.

गाठीच्या आत मात्र पीसी६१ फिका पडतो. कारण त्याच्या शेपटाकडच्या भागात आहे: रॅटचे आयजीजी१ उंदराच्या भक्षक पेशींवरील रोधक एफसी ग्राहीलाही (प्रतिपिंडाचे शेपूट धरून पेशीला आवरणाऱ्या प्रथिनालाही) चिकटते आणि गाठीत हा ग्राही मुबलक असतो. २०१७ मध्ये ते शेपूट बदलून उंदराच्या आयजीजी२ए चे बसवल्यावर गाठीतल्या नियामक पेशीही कमी झाल्या.

२००७ पासून फॉक्सपी३ असलेल्या पेशींनाच घटसर्पाच्या विषाला बळी पडायला लावणारे जनुक-बदललेले उंदीर उपलब्ध आहेत. त्यांच्यात नियामक पेशी जवळजवळ पूर्ण नाहीशा करता येतात. साध्या, जनुक न बदललेल्या उंदरावर प्रयोग करायचा असेल तेव्हा पीसी६१ अजूनही उपयोगी पडतो. नियंत्रण गटाला त्याच वर्गाचा, सीडी२५ ला न चिकटणारा रॅटचा प्रतिपिंड तितक्याच मात्रेत द्यावा लागतो.