पार्श्वभूमी : बजेट गेमिंग पीसी आणि एएम४ बोर्डाचा वाद

बजेट गेमिंग पीसी जुळवताना सर्वाधिक पैसे ग्राफिक्स कार्डात घालायचे, हे आता सगळ्यांना पाठ आहे. कात्री लागते ती बहुतेक वेळा प्रोसेसर, रॅम असे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डला. पण कमी पैशांत पीसी जुळवणाऱ्यांना सगळ्यात जास्त चटका लावणारा वाद झाला तो मदरबोर्डवरूनच : एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) जुन्या बोर्डांवर नवे प्रोसेसर चालणार की नाही, हा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानात असो की ऑनलाइन खरेदीत, ‘पुढे प्रोसेसर बदलता येईल असाच बोर्ड घ्या’ या सल्ल्याला जे वजन आलं, त्यात त्या वादाचा मोठा वाटा आहे.

असेम्बल्ड पीसीच्या जुन्या काळात ही अपेक्षाच फारशी नव्हती. नवीन प्रोसेसर म्हणजे नवीन बोर्ड, बऱ्याचदा नवीन रॅमही. २०१५ साली आलेल्या इंटेलच्या एलजीए ११५१ सॉकेटचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. कोअर आय३ ८१०० मुळे डेस्कटॉपच्या आय३ मालिकेत पहिल्यांदाच चार कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग) मिळाले. सॉकेट नावाला तोच होता आणि प्रोसेसर जुन्या बोर्डावर बसायचाही, पण चालायचा नाही. वर नवे स्वस्त बोर्ड, एच३१० आणि बी३६०, यायला एप्रिल २०१८ उजाडलं. तोवर महागडा झेड३७० बोर्ड घेऊन त्यावर आय३ लावणं हाच पर्याय होता, आणि बजेटवाल्याला तो परवडणारा नव्हता.

एएमडीची रायझन ही प्रोसेसर-मालिका मार्च २०१७ मध्ये बाजारात आली ती याच दुखण्यावर बोट ठेवून. एएम४ सॉकेट २०२० पर्यंत चालवू, असा शब्द कंपनीनं दिला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये ९९ डॉलरचा रायझन ३ २२००जी आला. तेव्हा क्रिप्टो मायनिंगमुळे ग्राफिक्स कार्डांचे भाव भडकलेले होते. ‘आत्ता कार्डाशिवाय पीसी घ्या, प्रोसेसरमधल्याच इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर हलके गेम खेळा, कार्ड पुढच्या वर्षी’ ही योजना त्यामुळे शक्य झाली. अडचण एकच होती. दुकानात पडून असलेल्या जुन्या स्टॉकच्या बोर्डात बायोस (बोर्डाला प्रोसेसर ओळखायला लावणारं मूळ सॉफ्टवेअर) जुना, आणि तो अपडेट करायला आधी चालणारा प्रोसेसर हवा. कंपनीनं त्यासाठी काही दिवसांकरता प्रोसेसर उसना देण्याची सोयही केली होती. आपल्याकडे मात्र विकत घेतानाच दुकानदाराकडून बायोस अपडेट करून घेणं हाच सरळ मार्ग होता.

खरा गुंता जुलै २०१९ नंतर झाला. सहा कोअर, बारा थ्रेडचा रायझन ५ ३६०० तेव्हा १९९ डॉलरला आला आणि मध्यम बजेटच्या याद्यांमध्ये ठाण मांडून बसला. त्याच्यासोबत नवा बोर्ड आला तो फक्त एक्स५७०. तो महाग होता आणि बहुतेक मॉडेलांत चिपसेटवर, म्हणजे बोर्डाच्या मुख्य चिपवर, छोटा पंखाही होता. स्वस्त बी५५० जून २०२० मध्ये आला. मधले जवळपास अकरा महिने शहाणा ग्राहक आधीच्या पिढीचा स्वस्त बी४५० बोर्ड घेत होता, आणि सल्ला देणारेही तेच सांगत होते : आत्ता ३६०० लावा, पुढची पिढी आली की फक्त प्रोसेसर बदला.

मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात कंपनीनं जाहीर केलं की पुढच्या पिढीचे प्रोसेसर ५०० मालिकेच्या बोर्डांवरच चालतील. म्हणजे बी४५० बाद. कारण दिलं बायोसच्या चिपचं. अनेक बोर्डांवर ती १६ एमबीची होती, आणि एएम४ वर तोवर इतके प्रोसेसर येऊन गेले होते की सगळ्यांचा कोड त्यात मावेना.

‘२०२० पर्यंत’ याचा अर्थ इथे दोघांनी दोन लावला. शब्द सॉकेटचा होता, आणि सॉकेट खरोखरच तोच राहणार होता. ग्राहकानं मात्र तो आपल्या बोर्डाचा शब्द मानला होता. माझ्या मते ग्राहकाचं वाचणं रास्त होतं. सॉकेट कोणी सुटा विकत घेत नाही, बोर्ड घेतो. १६ एमबीची अडचण खरी होती, खोटं कारण नव्हतं. पण काही बी४५० बोर्डांवर ३२ एमबीची चिप होती, त्यांनाही हाच नियम लावला गेला. आणि ज्या महिन्यांत दुसरा परवडणारा बोर्डच उपलब्ध नव्हता, त्या महिन्यांत घेतलेल्यांना हे आधी सांगायला हवं होतं.

ओरड एवढी झाली की दोन आठवड्यांच्या आत, १९ मे रोजी, निर्णय फिरला. अटी होत्या : बायोस बीटा, म्हणजे चाचणीच्या, स्वरूपात मिळेल, काही जुन्या प्रोसेसरांचा आधार त्यातून काढला जाईल, आणि एकदा पुढे गेल्यावर मागे येता येणार नाही.

लगेच फायदा कोणाला झाला? फारसा कोणाला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये नव्या पिढीतला सगळ्यात स्वस्त सुटा प्रोसेसर, ५६००एक्स, २९९ डॉलरचा होता. ग्राफिक्स कार्डं तर पुन्हा मायनिंगच्या आणि टंचाईच्या तडाख्यात सापडली. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद होईपर्यंत अनेकांनी जुन्या कार्डावरच दिवस काढले. बोर्ड राखल्याचं फळ मिळालं ते २०२२ मध्ये. एप्रिलमध्ये ५६०० १९९ डॉलरला आणि ५५०० १५९ डॉलरला आले, तेही कोअर आय३ १२१००एफ आणि त्याच्या मोठ्या भावंडांनी स्पर्धा तापवल्यावर. त्याच वर्षी २०१७ च्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही अधिकृत परवानगी मिळाली. पाच वर्षं जुन्या बोर्डावर ५८००एक्स३डी हा गेमिंगचा वेगवान प्रोसेसर बसवता येऊ लागला.

सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ या पुढच्या सॉकेटवर फक्त नव्या पिढीची डीडीआर५ रॅम चालते. सुरुवातीला ती महाग होती, मग उतरली, आणि २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीनं मेमरीचे भाव पुन्हा वर गेले. एएम४ वर चालणारी डीडीआर४ही त्यातून सुटली नाही. पण ज्याच्या बोर्डावर ती आधीपासून आहे, त्याला नवी घेण्याची गरज नाही, म्हणून बी४५० वर आजही फक्त प्रोसेसर बदलला जातो. तसं करणाऱ्यानं बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची आणि रिव्हिजनची प्रोसेसर-यादी पाहावी, त्यात लिहिलेली बायोस आवृत्ती जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच टाकावी. नवा बोर्ड घेणाऱ्यानं प्रोसेसरशिवाय पेन ड्राइव्हवरून बायोस टाकणारं बटण असलेलं मॉडेल घ्यावं. त्यासाठी थोडे पैसे जास्त पडले तरी ते तिथेच घालावेत.