सोव्हिएत फौजांच्या माघारीनंतरचा अफगाणिस्तान (१९८९–१९९२)

सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून बाहेर पडल्यापासून (१५ फेब्रुवारी १९८९) डॉ. नजीबुल्ला यांची राजवट कोसळेपर्यंतचा (एप्रिल १९९२) सुमारे तीन वर्षांचा कालखंड. परकी सैन्याच्या आधाराने उभे असलेले सरकार ते सैन्य गेल्यावर किती दिवस तग धरेल आणि त्याच्या जागी कोण येईल, हा या काळाचा मध्यवर्ती प्रश्न होता. काबूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत पडेल असे जाणकारांपैकी बहुतेकांना वाटत होते. तसे घडले नाही. काबूल पडले ते तीन वर्षांनी, आणि ज्या कारणाने पडेल असे वाटत होते त्या कारणाने तर नाहीच.

कालखंडाच्या सीमांबाबत एकमत नाही. काही अभ्यासक जिनीव्हा करारापासून (१४ एप्रिल १९८८) आरंभ धरतात, तर काही त्याआधीच्या, जानेवारी १९८७ मध्ये जाहीर झालेल्या ‘मुसालेहा-ए-मिल्ली’ म्हणजे राष्ट्रीय समेटाच्या धोरणापासून. शेवट मानण्यातही नजीबुल्ला यांनी संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत आश्रय घेतला तो दिवस (१६ एप्रिल १९९२) आणि सरकारविरोधी मुजाहिदीन बंडखोरांचे एक नेते सिबगतुल्ला मुजद्ददी यांनी काबूलमध्ये सत्ता स्वीकारली तो दिवस (२८ एप्रिल १९९२) असे दोन पर्याय आढळतात.

माघारीचा निर्णय : हा निर्णय केव्हा व कशामुळे झाला याबद्दल दीर्घ वाद आहे. अमेरिकेने पुरवलेली खांद्यावरून डागायची स्टिंगर क्षेपणास्त्रे सप्टेंबर १९८६ मध्ये जलालाबादजवळ प्रथम वापरली गेली आणि त्यांनी युद्धाचे पारडे फिरवले, असे मत पश्चिमेत व पाकिस्तानात बराच काळ प्रचलित होते. मॉस्कोतील कागदपत्रे खुली झाल्यावर ते मागे पडले. तेव्हाचे अफगाण राज्यकर्ते बब्राक करमाल यांना सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी स्वतःच्या पायावर उभे राहण्याची तयारी करायला ऑक्टोबर १९८५ मध्येच सांगितले होते. फेब्रुवारी १९८६ च्या पक्ष अधिवेशनात गोर्बाचेव्ह यांनी अफगाणिस्तानला ‘रक्त वाहती जखम’ म्हटले, मे १९८६ मध्ये करमाल यांच्या जागी नजीबुल्ला आले, आणि १३ नोव्हेंबर १९८६ च्या पॉलिटब्यूरोच्या (सोव्हिएत पक्षाच्या सर्वोच्च समितीच्या) बैठकीत एक ते दोन वर्षांत बाहेर पडण्याचे ठरले. हा क्रम पाहता स्टिंगरमुळे हवाई दलाला उंचावरून उडावे लागले व खर्च वाढला हे खरे. पण निर्णयाचे मूळ आधीचे आहे, हे मत अधिक ग्राह्य ठरते.

जिनीव्हा करार व ‘सममिती’चा प्रश्न : संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ दिएगो कोर्दोवेझ यांनी १९८२ पासून चालवलेल्या वाटाघाटींतून चार दस्तऐवज तयार झाले. पहिला अफगाणिस्तान व पाकिस्तान यांच्यातील हस्तक्षेप न करण्याचा, दुसरा अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्या हमीचा, तिसरा निर्वासितांच्या स्वेच्छेने परतण्याचा आणि चौथा या सर्वांची व माघारीची सांगड घालणारा. माघार १५ मे १९८८ ला सुरू होऊन नऊ महिन्यांत पुरी व्हायची होती. पैकी निम्मे सैन्य १५ ऑगस्टपर्यंत निघायचे होते. देखरेखीसाठी संयुक्त राष्ट्रांचे ५० लष्करी निरीक्षक नेमले गेले. प्रत्यक्ष लढणारे मुजाहिदीन गट करारात पक्षकार नव्हते, आणि काबूलमध्ये पुढे कोणाचे सरकार असावे याविषयी चारही दस्तऐवजांत एक ओळ नाही.

कराराचा खरा पेच मात्र त्याच्या मजकुरात नसलेल्या एका गोष्टीत होता. १९८५ च्या अखेरच्या मसुद्याप्रमाणे माघार सुरू होताच अमेरिकेने मुजाहिदीनांची मदत थांबवायची होती. सोव्हिएत संघाने काबूल सरकारला द्यायच्या मदतीवर मात्र बंधन नव्हते. १९८८ च्या आरंभी अमेरिकी सिनेटमधून यावर कडाडून टीका झाली, तेव्हा वॉशिंग्टनने भूमिका बदलली आणि दोघांनीही मदत थांबवावी असा आग्रह धरला. याला वाटाघाटींच्या परिभाषेत ‘ऋण सममिती’ म्हणतात. एका मान्य सरकारला करारान्वये दिली जाणारी मदत आणि बंडखोरांना चोरवाटेने दिली जाणारी मदत एका तागडीत तोलता येणार नाही, असे म्हणून मॉस्कोने नकार दिला. शेवटी उरली ती ‘धन सममिती’ : एक जोवर शस्त्रे देईल तोवर दुसऱ्यालाही ती देण्याचा हक्क. ही गोष्ट करारात लिहिलेली नाही. सहीच्या वेळी अमेरिकेने केलेल्या स्वतंत्र निवेदनात ती आहे. परिणामी पहिल्या दस्तऐवजाने पाकिस्तानच्या भूमीवरून शस्त्रे धाडण्यास मनाई केली आणि त्याच दिवशीच्या निवेदनाने ती धाडण्यास वाट ठेवली. कायद्याच्या दृष्टीने ही विसंगती कधीच सुटली नाही. शांततेचा म्हणून केलेल्या करारातच युद्ध चालू ठेवण्याची सोय होती, आणि तिची किंमत सही करणाऱ्यांपैकी कोणाही महासत्तेने मोजली नाही.

माघार : तेव्हा देशात सुमारे एक लाख सोव्हिएत सैनिक होते. उत्तरेकडे जाणारा रस्ता सालंग खिंडीच्या बोगद्यातून जातो. तो मोकळा ठेवण्यासाठी जानेवारी १९८९ मध्ये, म्हणजे जाता जाता, तोफा व विमानांनी खिंडीच्या आसपासच्या गावांवर मारा करण्यात आला व त्यात नागरिक मारले गेले. परराष्ट्रमंत्री शेवर्दनाद्झे यांनी अमू दर्याकाठच्या सीमेवरील हैरतानपासून काबूलपर्यंतच्या रस्त्याच्या रक्षणासाठी काही हजार सैनिक ठेवावेत असा विचार त्याच महिन्यात मांडला होता. तो मान्य झाला नाही. १५ फेब्रुवारीला सकाळी चाळिसाव्या सेनेचे सेनापती बोरिस ग्रोमोव्ह अमू दर्यावरील मैत्री पुलावर चिलखती गाडीतून उतरले आणि उरलेले अंतर पायी चालत पलीकडच्या तिर्मिझच्या काठाला गेले. तेथे त्यांचा किशोरवयीन मुलगा हातात फुले घेऊन उभा होता. ‘माझ्यामागे एकही सोव्हिएत सैनिक उरलेला नाही,’ या आशयाचे त्यांचे उद्गार जगभर छापून आले. काटेकोरपणे ते खरे नाही. सीमारक्षक दलाच्या तुकड्या त्यांच्यानंतर नदी ओलांडत होत्या, काही सल्लागार काबूलमध्येच राहिले होते, आणि बेपत्ता व कैदेतील सैनिकांची संख्या शेकड्यांत होती. युद्धातील सोव्हिएत मृतांचा सुरुवातीला जाहीर झालेला आकडा साधारण साडेतेरा हजारांचा होता. नंतर तो पंधरा हजारांपर्यंत गेला. अफगाण मृतांची मोजदाद कोणी केली नाही. अंदाज पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत पसरलेले आहेत.

काबूलमधील अमेरिकी वकिलात जानेवारीच्या अखेरीस बंद झाली होती. त्या हिवाळ्यात शहरात पीठ व इंधन यांचा तुटवडा होता. नानवाईंच्या दुकानांपुढे बर्फात पहाटेपासून रांगा लागत. सोव्हिएत मालवाहू विमाने पीठ व दारूगोळा घेऊन येत. डोंगरांवरून येणाऱ्या क्षेपणास्त्रांना चुकवण्यासाठी ती शहराच्या नेमके वर येऊन, भोवऱ्यासारख्या घिरट्या घेत, जळत्या मशालींसारखे प्रकाशगोळे सोडत खाली उतरत. शहराचे जगणे या विमानांवर होते, आणि पुढे राजवटीचेही.

जलालाबादचा वेढा : फेब्रुवारी १९८९ मध्ये रावळपिंडीत भरलेल्या मुजाहिदीनांच्या शूरेने (सल्लागार सभेने) हंगामी सरकार निवडले. मुजद्ददी अध्यक्ष व अब्द-रब्ब-रसूल सय्याफ पंतप्रधान झाले. इराणमधील शिया गट त्यात नव्हते, देशातील प्रत्यक्ष लढणाऱ्या सेनानींपैकीही फारसे कोणी नव्हते. या सरकारला स्वतःच्या भूमीवर एक राजधानी हवी म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात जलालाबादवर हल्ला झाला. या मोहिमेमागे पाकिस्तानच्या गुप्तचर संघटनेचे तत्कालीन प्रमुख हमीद गुल यांचा पुढाकार होता, हे आता सामान्यतः मान्य आहे; राजकीय नेतृत्वाची व अमेरिकी राजदूताची संमती कितपत होती याबद्दल मतभेद आहेत. समरखेलचा तळ लवकर पडला, पण विमानतळापाशी हल्ला अडकला. शरण आलेल्या सरकारी सैनिकांना ठार मारल्याच्या बातम्या आत पोहोचल्या, आणि उरलेल्या शिबंदीला शरणागतीचा मार्गच उरला नाही. काबूलजवळून डागलेली स्कड क्षेपणास्त्रे व हवाई हल्ले यांच्या आधाराने शहर टिकले. डोंगरात छापे घालण्यात तरबेज असलेल्यांना सपाट मैदानात खंदक ओलांडायला लावले गेले. त्यांची हानी हजारोंत होती. काही महिन्यांतच हमीद गुल यांना पदावरून हलवण्यात आले.

राजवट कशी टिकली : नजीबुल्ला हे पक्तियाचे अहमदझाई पश्तून, शिक्षणाने डॉक्टर आणि १९८० ते १९८५ पर्यंत ‘खाद’ या गुप्त पोलिसांचे प्रमुख. त्या खात्यातील छळाच्या नोंदी त्यांच्या समेटाच्या भाषेवर अखेरपर्यंत सावली धरून राहिल्या, आणि ते योग्यच होते. तरीही राज्यकर्ते म्हणून त्यांनी माघारीनंतर जे केले ते त्यांच्या विरोधकांनाही अनपेक्षित होते. १९८७ च्या लोया जिरगेत (देशभरातील प्रतिनिधींच्या महासभेत) नवी राज्यघटना संमत झाली होती. १९९० मध्ये तिच्यातून समाजवादाच्या उरल्यासुरल्या खुणा काढल्या गेल्या व पक्षाचे नाव ‘हिज्ब-ए-वतन’ झाले. संरक्षणमंत्री शाहनवाझ तनाई यांनी ६ मार्च १९९० रोजी केलेले बंड फसले. तनाई हे सत्ताधारी पक्षाच्या खल्क गटातील कम्युनिस्ट, आणि बंडात त्यांचे साथीदार कडवे इस्लामवादी गुलबुद्दीन हेकमतयार. विचारसरणीचे रंग किती उडाले होते याचा याहून वेगळा पुरावा लागत नाही.

मात्र टिकावाचा पाया दुसरा होता. सरकार आपल्या प्रदेशातून कर गोळा करून चालत नव्हते. शिबरघानच्या वायुविहिरी माघारीच्या सुमारास बंद झाल्याने तेही उत्पन्न गेले होते. मॉस्कोकडून येणारी शस्त्रे, इंधन, गहू आणि रशियात छापलेल्या नोटा यांवर सैन्य, शहर व प्रांतोप्रांतीच्या टोळीसेना पोसल्या जात. एकंदर मदत वर्षाला तीन अब्ज डॉलरच्या आसपास होती असा अंदाज दिला जातो. तो शस्त्रांची किंमत कशी लावली यावर अवलंबून असल्याने जपून घ्यावा. सेनानी विकत घेणे, त्यांना हुद्दे व गणवेश देणे, शेजारच्या गावाशी तह करू देणे हे सर्व या पैशातून चालले. उत्तरेतील उझबेक सेनानी अब्दुल रशीद दोस्तुम यांचे ५३ वे डिव्हिजन हे त्यातले सर्वांत मोठे उदाहरण.

याला इतिहासात आधार आहे. १८३९ मध्ये ब्रिटिशांनी गादीवर बसवलेला शाह शुजा त्यांच्या फौजेच्या संहारानंतर काही महिन्यांतच, एप्रिल १८४२ मध्ये, मारला गेला. (त्या युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ मुंबईत कुलाब्याला बांधलेले चर्च आजही ‘अफगाण चर्च’ म्हणूनच ओळखले जाते.) उलट १८८०–८१ च्या ब्रिटिश माघारीनंतर अमीर अब्दुर रहमान टिकला, त्याला ब्रिटिशांकडून १८८३ पासून वर्षाला १२ लाख रुपयांचा तनखा मिळत होता. परकी पलटणीपेक्षा परकी पैसा अधिक निर्णायक ठरला, ही या तुलनेतून निघणारी गोष्ट १९८९ मध्ये फारच थोड्यांच्या ध्यानी आली.

अस्त : पूर्वेकडील खोस्त शहर ३१ मार्च १९९१ रोजी मुजाहिदीनांच्या हाती पडले. ऑगस्टमध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्धचे बंड फसले, आणि १३ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिका व सोव्हिएत संघ यांनी १ जानेवारी १९९२ पासून शस्त्रपुरवठा थांबवण्याचे जाहीर केले. तीन वर्षांपूर्वी नाकारलेली ऋण सममिती आता आली, पण ती अमलात येईपर्यंत सोव्हिएत संघच उरला नव्हता. जानेवारीत हैरतानच्या साठ्यांवरील ताजिक अधिकारी जनरल मोमीन यांना बदलून पश्तून अधिकारी नेमण्याचा हुकूम निघाला. मोमीन यांनी तो धुडकावला, दोस्तुम त्यांच्या पाठीशी उभे राहिले, मुजाहिदीनांचे ताजिक सेनानी अहमद शाह मसूद यांच्याशी संधान बांधले गेले आणि मार्चच्या मध्यास मझार-ए-शरीफ हातचे गेले. १८ मार्चला नजीबुल्ला यांनी हंगामी सरकार येताच पद सोडण्याची तयारी जाहीर केली.

कोणते कारण मुख्य, यावर तीन मते आहेत. काहींच्या मते मदत आटली हेच सर्व काही; काही पश्तून–बिगरपश्तून दुहीला प्राधान्य देतात; काहींना राजीनाम्याची घाईने केलेली घोषणा घातक वाटते, कारण मावळत्या माणसासाठी कोणी लढत नाही. तिन्ही खरी असली तरी त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे : दुही जुनीच होती, पैसा होता तोवर ती झाकली गेली.

१५–१६ एप्रिलच्या रात्री नजीबुल्ला विमानतळाकडे निघाले. तेथे दोस्तुम यांच्या सैनिकांनी गाड्या अडवल्या, आणि ते संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीकडे परतले. सुरक्षामंत्री याकूबी त्याच सुमारास मृत आढळले. आत्महत्या की खून, हे निश्चित नाही. पेशावर समझोता (२४ एप्रिल, काही साधनांत २६) याने मुजद्ददी यांना दोन महिने व नंतर दुसरे मुजाहिदीन नेते बुऱ्हानुद्दीन रब्बानी यांना चार महिने अध्यक्षपद दिले. हेकमतयार यांना पंतप्रधानपद देऊ केले होते, त्यांनी ते मानले नाही. २५ एप्रिलपासूनच त्यांचे व मसूद यांचे सैनिक काबूलच्या रस्त्यांत एकमेकांशी लढू लागले.

या काळातील सामान्य माणसांविषयी साधने विरळ आहेत. पाकिस्तान व इराण येथे मिळून साठ लाखांच्या आसपास निर्वासित होते, आणि करारातील ज्या दस्तऐवजाने त्यांना परत आणायचे ठरवले होते त्याची अंमलबजावणी १९९२ पर्यंत जवळजवळ झाली नाही. नजीबुल्ला यांची पत्नी व मुली आधीच दिल्लीला पोहोचल्या होत्या. ते स्वतः साडेचार वर्षे कचेरीतच राहिले. तालिबानने काबूल घेतले त्या रात्री, २७ सप्टेंबर १९९६ रोजी, त्यांना तेथून ओढून ठार मारण्यात आले. सोव्हिएत काळात शहराचा बराचसा भाग शाबूत राहिला होता. १९९२ नंतरच्या दोन-तीन वर्षांत विजेत्यांच्या आपसातील रॉकेटमाऱ्याने त्याचा पश्चिम व दक्षिण भाग उद्ध्वस्त झाला. त्यातच ‘जादा-ए-मैवंद’ ही जुनी बाजारपेठ होती. १८८० मध्ये मैवंद येथे मुंबई इलाख्याच्या पलटणींचा पराभव झाला, त्या लढाईचे नाव या रस्त्याला दिलेले आहे.