वाळत्या गवताचा वास मेणात: लूनसाची मेणबत्ती

गवताला तो ओळखीचा गोड वास कापताक्षणी येत नाही, वाळायला लागल्यावर येतो. कापताना येतो तो हिरवट, कच्चा वास. गवत सुकताना पेशी फुटतात, साखरेशी जखडून राहिलेले रेणू मोकळे होतात आणि त्यातून कूमरिन तयार होते. व्हॅनिला आणि बदाम यांच्या मधला हा वास. 1868 मध्ये विल्यम पर्किनने तो प्रयोगशाळेत तयार केला.

आयर्लंडमध्ये सुगीची सुरुवात 1 ऑगस्टला मानतात. लू या देवावरून या सणाला लूनसा म्हणतात आणि आजच्या आयरिश भाषेत ऑगस्ट महिन्याचे नावही तेच आहे. पहिल्या पिकाची भाकरी आणि डोंगरावर जाऊन वेचलेली बिलबेरीची फळे ही या दिवसांची ओळख. सुगंधी मेणबत्ती मात्र अलीकडची. जुन्या घरांत लव्हाळ्याचा गाभा चरबीत बुडवून पेटवत. आज लूनसाच्या नावाने मेणबत्ती करायची, तर त्या दिवसांचे वास मेणात नेमके कसे वागतात ते आधी कळायला हवे.

त्यातला सर्वात हट्टी वास भाजलेल्या ब्रेडच्या सालीचा. तो मुख्यतः 2-अॅसिटाइल-1-पायरोलीन या रेणूमुळे येतो. आपल्या आंबेमोहोर तांदळाच्या वासातही हाच रेणू आहे. पण तो फार नाजूक आहे, साठवणीत लवकर मोडतो. म्हणून ब्रेडच्या सुगंधी तेलात बहुधा त्याच्या जवळपासचे, टिकाऊ रेणू वापरतात आणि जोडीला व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा मुख्य रेणू, असतो. व्हॅनिलिनमुळे पांढरे मेण काही आठवड्यांत पिवळे-तपकिरी होते. हा बिघाड नव्हे. मेणाला आधीच गव्हाळ रंग दिला की प्रश्न मिटतो.

ओलसर कुरणांत याच सुमारास मेडोस्वीटची पांढरी, फेसाळ फुले येतात. त्यांच्या वासात मिथाइल सॅलिसिलेट असते. दुखरा गुडघा चोळायच्या मलमाला येतो तोच हा वास. हात जरा सैल सुटला की मेणबत्ती कुरणाची न राहता मुरगळलेल्या पायाची होते! यासाठी वापरायचे विंटरग्रीन तेल पोटात गेल्यास विषारी असते, मुलांपासून दूर ठेवा.

साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या जाड काचेच्या जारसाठी 180 ग्रॅम सोया वॅक्स (सोयाबीन तेलापासूनचे मेण) आणि 14 ग्रॅम सुगंध घ्या. त्यात सुक्या गवताचे तेल 6, ब्रेडचे 4, मधाच्या वासाचे 3 आणि विंटरग्रीन 1 ग्रॅम. सगळे वजनकाट्यावर मोजा, चमच्याने नको. कूमरिनचे नुसते स्फटिक टाकू नका. मेण गार होताना ते वेगळे पडतात. आधी बेंझिल बेंझोएट या द्रावकात विरघळवा.

जारमध्ये मधोमध सुती वात चिकटवून ठेवा. गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात मेण 80 ते 85 अंशांपर्यंत तापवा. भांडे उतरवून सुगंध घाला आणि दोन मिनिटे सावकाश ढवळा. घाईने ढवळले तर हवेचे बुडबुडे शिरतात. ढवळणे कमी पडले तर तेल तळाशी बसते. 55 ते 60 अंशांवर ओता. मग झाकण लावून दोन आठवडे थांबा. सोया वॅक्सचे स्फटिक सावकाश स्थिरावतात आणि पेटवल्यावरचा वास त्यानंतरच नीट खुलतो. पृष्ठभागावर पांढरी साय धरली तरी जळण्यात फरक पडत नाही. वास कमी वाटतो म्हणून तेल वाढवत नेणे चूक. दहा टक्क्यांपलीकडे ते मेणात मावत नाही, वर घामासारखे सुटते आणि ज्योत काजळी धरते.

खरा मध घालू नका. तो मेणात मिसळत नाही, तळाशी साचतो आणि वातीत गेला तर ती चरचरून विझते. गव्हाच्या लोंब्या आणि वाळकी फुले मेणात खोचणे तर थेट धोक्याचे. मेण वितळले की प्रत्येक काडी दुसरी वात बनते, सगळे तळे पेटते आणि काच तडकते. अशा आगीवर पाणी मारू नका, धातूचे झाकण घाला. लोंबी हवीच असेल तर जारच्या बाहेर बांधा आणि पेटवण्याआधी सोडून ठेवा.

सुगंध ज्योतीतून पसरत नाही. वातीतून वर चढलेले तेल मेणासोबत जळून जाते. खोलीत दरवळते ते वितळलेल्या तळ्यावरून उडालेले. म्हणून सगळी मदार वातीच्या जाडीवर असते. वात 5 मिलिमीटरवर कापून पेटवा आणि तीन तास लक्ष ठेवा. तळे काचेला टेकून सुमारे एक सेंटिमीटर खोल झाले, तर वात बरोबर. मधोमध विहीर पडून कडेला मेण तसेच उभे राहिले, तर वात बारीक. टोकावर काळी छत्री उगवली, ज्योत फडफडली, काच हाताला चटका देऊ लागली, तर जाड. अशा वेळी सुगंधाचे प्रमाण बदलत बसू नका. एक नंबर वरची किंवा खालची वात लावून दुसरा जार करून बघा.