विंडोज दिसतं, मग बायोस का दिसत नाही?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला आणि घरोघरचे ठणठणीत पीसी एका दिवसात 'जुने' ठरले. विंडोज ११ टाकायचं तर यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) हवं, सिक्युअर बूटची (सही तपासूनच कोड चालवण्याची) सोय हवी, टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) हवं. मग कोणीतरी एक व्हिडिओ बघतो, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या बोर्डवरच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये शिरतो (यूईएफआय आलं तरी लोक त्याला बायोसच म्हणतात), 'सीएसएम' नावाचा जुनी पद्धत सांभाळणारा पर्याय डिसेबल करतो आणि एफ१० दाबून मोकळा होतो. मशीन रीस्टार्ट होतं. पंखे फिरतात, कीबोर्डचा दिवा लागतो, स्क्रीन मात्र काळी ठिक्कर. गंमत म्हणजे थोडं थांबलं तर कधीकधी विंडोजचं लॉगिन थेट समोर येतं. पण डिलीट बडवा नाहीतर एफ२, बायोसचा स्क्रीन काही केल्या दिसत नाही.

दुरुस्तीवाल्याकडे नेलं की 'बायोस उडालंय' किंवा 'बोर्ड गेला' हे निदान तयारच असतं. आधी घरच्या घरी एक गोष्ट करून बघा. काहीही न दाबता मशीन चालू केलं तर विंडोज येतं, पण सुरुवातीलाच डिलीट दाबत राहिलं तर येत नाही, असं होतंय का? होत असेल तर बायोस जिवंत आहे. इतकंच नव्हे, सेटअपचा स्क्रीन बहुधा उघडलेलाही आहे. तो पडद्यावर काढायला कोणी नाही, एवढंच.

हा 'काढणारा' कोण, ते बघण्यासारखं आहे. ग्राफिक्स कार्ड आपणहून चित्र काढत नाही. त्याला जागं करायला, कोणत्या रिझोल्यूशनमध्ये चालायचं ते सांगायला ड्रायव्हर लागतो. विंडोजचा ड्रायव्हर डिस्कवर असतो आणि बायोस चालू होतं तेव्हा विंडोज अजून लोडच झालेलं नसतं. बोर्डवरच्या १६ किंवा ३२ एमबीच्या फ्लॅश चिपमध्ये जगातल्या सगळ्या कार्डांचे ड्रायव्हर मावणार नाहीत. शिवाय पाच वर्षांनी येणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर आज ठेवणार कुठून? यावरची तोड आयबीएमच्या १९८४ च्या ईजीए कार्डापासून चालत आलेली आहे. परमुलखात जाणारा पाहुणा आपला दुभाषी सोबत नेतो, तसं कार्ड आपला ड्रायव्हर आपल्याच अंगावरच्या रॉम चिपमध्ये घेऊन येतं.

जुनं बायोस ही रॉम कशी ओळखायचं? ठरावीक पत्त्यांवर जाऊन पहिले दोन बाइट बघायचे. ते हेक्साडेसिमलमध्ये ५५ आणि एए असतील तर तिथे रॉम आहे. मग तिच्यातला कोड चालवायचा. हा कोड १६ बिटांचा, म्हणजे १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरच्या काळचा. बायोसला पडद्यावर अक्षर उमटवायचं असलं की ते इंटरप्ट १० ला हाक मारायचं आणि पुढचं कार्डाचा कोड बघायचा.

यूईएफआयने हे मोडीत काढलं. त्याच्या आजच्या ६४ बिटांच्या राज्यात तो १६ बिटांचा कोड थेट चालत नाही. तिथे कार्डाच्या रॉममध्ये यूईएफआयचा वेगळा ड्रायव्हर असावा लागतो, आणि तो ग्राफिक्स आउटपुट प्रोटोकॉल, थोडक्यात जीओपी, पुरवतो. जीओपीचं मुख्य काम मला फार आवडतं, कारण ते इतकं साधं आहे. 'पडदा १९२० बाय १०८०, दर ठिपक्याला ४ बाइट, आणि मेमरीतला हा घ्या पत्ता' एवढंच तो फर्मवेअरला, म्हणजे बोर्डवरच्या यूईएफआयला, सांगतो. त्या पत्त्यापासून पुढचे ८२,९४,४०० बाइट म्हणजेच पडदा. नेहमीच्या मांडणीत निळा, हिरवा, लाल आणि एक रिकामा अशा क्रमाने बाइट असतात. म्हणजे डाव्या कोपऱ्यात लाल ठिपका हवा तर पहिल्या चार बाइटांत ००, ००, एफएफ, ०० लिहायचं. बायोसचे रंगीत मेनू, पंख्यांचे आलेख, कंपनीचा लोगो, सगळं असंच बाइट लिहून रंगवलेलं असतं.

आता मेख. एकाच रॉममध्ये दोन्ही ड्रायव्हर राहू शकतात. प्रत्येकावर 'कोड टाइप'चा आकडा असतो, जुन्यासाठी ०, यूईएफआयसाठी ३. सीएसएम, म्हणजे कम्पॅटिबिलिटी सपोर्ट मॉड्यूल, हा यूईएफआयमध्ये ठेवलेला जुन्या बायोसचा अवतार. तो ० वाला कोड चालवतो. सीएसएम बंद केलं की फर्मवेअर फक्त ३ शोधतं. २०१२ च्या आधीच्या बऱ्याच कार्डांत तो नसतोच. म्हणजे रायझन ५ ३६०० सारख्या, स्वतःचं ग्राफिक्स नसलेल्या प्रोसेसरवर जुन्या पीसीतलं कार्ड 'चालतंय ना' म्हणून लावलं असेल, तर सीएसएम बंद झाल्याक्षणी फर्मवेअर मुकं होतं. काही बोर्ड बीप देतात किंवा सीएसएम स्वतःच परत चालू करतात. काही गुपचूप पुढे जातात. विंडोजचा ड्रायव्हर कार्डाला शून्यापासून जागं करू शकतो, म्हणून लॉगिन दिसतं. सिक्युअर बूट चालू असेल तर ३ वाल्या ड्रायव्हरवरची डिजिटल सहीसुद्धा तपासली जाते. ती पटली नाही तरी पडदा काळाच.

उपाय: प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढा, केबल बोर्डवरच्या पोर्टला लावा आणि सीएसएम परत चालू करा. नसेल तर जीओपी असलेलं कार्ड तासाभरासाठी उसनं आणा. तेही नाही तर वायर काढून सीआर२०३२ ची बटण-बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवा, किंवा क्लिअर सीएमओएसचा जंपर वापरा. सेटिंग मूळपदावर येतात. मूळपदी सीएसएम चालू की बंद, हे बोर्डावर अवलंबून. मात्र बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. असल्या बदलानंतर ती बहुधा मागितली जाते.

रॅम काढून खोडरबराने घासणं हा आपल्याकडचा सर्वरोगहारी इलाज. संपर्कावर मळ असेल तर त्याने कधी काम होतंही, पण वर सोन्याचा पातळ मुलामा असतो आणि खोडरबर तो झिजवतं. त्यापेक्षा दसऱ्याचं हळदीकुंकू बरं, बाहेरूनच लागतं. 'बायोस अपडेट करा, स्पीड दुप्पट' म्हणणारे व्हिडिओ याच जातीचे.

बाकी कारणं किरकोळ. केबल चुकून बोर्डच्या पोर्टला, आणि प्रोसेसर नावापुढे एफ असलेला इंटेल, म्हणजे ग्राफिक्सविना. मॉनिटर उशिरा जागा होतो, तोवर सेटअपची वेळ टळून जाते. डीडीआर५ चं नवं मशीन पहिल्यांदा मेमरी जुळवताना काही मिनिटं काळं राहू शकतं. तेव्हा पॉवरचं बटण दाबू नका. फास्ट बूटमध्ये यूएसबी कीबोर्ड कधीकधी वेळेत ओळखलाच जात नाही, मग डिलीट कितीही बडवा. अशा वेळी विंडोजच्या रिकव्हरीतल्या अॅडव्हान्स्ड स्टार्टअपमधून 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' निवडा. विंडोज फर्मवेअरच्या मेमरीत एक बिट १ करून ठेवतं आणि पुढच्या खेपेला मशीन की न दाबता सेटअपमध्ये जातं.

सीएसएमला हात लावण्याआधी जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर उघडा. त्यात बायोस व्हर्जनजवळ 'यूईएफआय' असा चौकोन असतो. टिक नसेल तर कार्डाच्या कंपनीकडे नवं व्हीबायोस, म्हणजे कार्डाच्या रॉममधला कोड, मिळतंय का ते आधी बघा. आणि विंडोज एमबीआर, म्हणजे भाग नोंदवायच्या जुन्या पद्धतीच्या, डिस्कवर असेल तर २०१७ पासून विंडोज १० मध्येच येणाऱ्या एमबीआरटूजीपीटी या साधनाने ती नव्या जीपीटी पद्धतीत बदलून घ्या. नाहीतर सीएसएम बंद केल्यावर बायोस दिसेल, पण विंडोज चालू होणार नाही.